निऱ्यांची भिंत

रुखमा ठवकरला कुणी ‘ए रेजा’ अशी हाक मारली की ती हातातलं काम थांबवते. चिडत नाही. करणीवरचा, म्हणजे थापीवरचा, सिमेंटचा माल निपटते, वळते आणि शांतपणे सांगते, "रेजा होती मी. लय वर्सं होती. आता मिस्त्री आहो. मिस्त्री म्हणा." हाक मारणारा हसला तर तीही हसते, पण तो ‘मिस्त्री’ म्हणेपर्यंत पुढची वीट काही लागत नाही.

नागपुरात बांधकामावर डोक्यावरून घमेलं वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. रेजा म्हणून आलेली बाई रेजा म्हणूनच म्हातारी होते, अशी तिथली रीत. रुखमा त्या रीतीतून बाहेर पडली, आणि बाहेर पडताना तिनं कुणाची परवानगी मागितली नाही. अगदी नवऱ्याचीसुद्धा नाही.

ती मूळची कुहीकडची. गावात धानाची थोडी शेती. धान घरात आलं की सगळं कुटुंब कन्हानच्या बाजूला वीटभट्टीवर जायचं. तिथं रुखमाचं लहानपण चिखलात गेलं. माती मळायची, साच्यात थापायची, कच्च्या विटा वाळत लावायच्या. पुढे तिचं लग्न झालं रुपराव ठवकरशी. रुपराव प्लास्टरचा मिस्त्री. हात असा सफाईदार की त्यानं ओढलेल्या भिंतीवर उन्हाची तिरीप पडली तरी कुठे फुगवटा दिसायचा नाही. दोघं वाठोड्याला राहायला आली आणि रुखमा त्याच्याच हाताखाली घमेली वाहू लागली.

तिला करणी धरायला शिकवलं ते रुपरावनंच. दुपारी जेवून माणसं सावलीत आडवी झाली की तो तिला ओळंबा कसा सोडायचा, दोरी कशी ताणायची ते दाखवायचा. "माही बायको ओळंबा पाह्यते बरं का," असं चार लोकांत कौतुकानं सांगायचा. त्या कौतुकात काही खोट नव्हती. फक्त बायको ओळंबा पाहणार, आणि भिंत मात्र ठवकर मिस्त्रीचीच राहणार, हे त्यानं धरून ठेवलं होतं.

दोघांची आवड मात्र वेगळी निघाली. रुपरावला वीट म्हणजे प्लास्टरच्या आतलं भरताड वाटायचं. "वीट वाकडी असो नाई तं तिकडी, वरून माल चढला का सारं झाकते," तो म्हणायचा. रुखमाला नेमकं तेच आवडत नसे. सिव्हिल लाइन्सकडे काम असलं की ती जुन्या लाल विटांच्या इमारतींसमोर थबकायची. छपराखाली दातांसारख्या एकीआड एक पुढे काढलेल्या विटा, खिडकीवर पंख्यासारख्या उभ्या लावलेल्या विटा, कोपऱ्यावरची गोलाई. इतकी वर्षं ऊन-पाणी खाऊन त्या भिंती उघड्या अंगानं उभ्या होत्या आणि त्यांना काही झाकावं लागलं नव्हतं. शहरात आता राखेच्या करड्या विटांची चलती होती. त्या स्वस्त आणि एकसारख्या. पण त्यांच्यावर प्लास्टर चढतंच. रुखमाचं मन लाल विटेत अडकलं होतं.

एकदा मनीषनगरकडे एका बंगल्याचं काम चालू होतं. आर्किटेक्ट होत्या नीला मॅडम. त्यांना कंपाउंडची भिंत उघड्या विटेची हवी होती आणि दोन मिस्त्री करून थकले तरी विटांमधल्या मालाच्या दरजा सारख्या येत नव्हत्या. रुखमा घमेलं उतरवून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हे भिंत मले द्या."

नीलानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी कधी केलीय?"

"नाई. पण जमते मले."

"करून दाखवा."

रुखमानं केली. नीलानं पाहिली आणि अर्धी भिंत उतरवायला लावली, कारण वरच्या थरांत ती किंचित बाहेर झुकली होती. रुखमानं रात्री घरी जाऊन रडून घेतलं आणि सकाळी परत येऊन पुन्हा बांधली. दुसऱ्या वेळी नीला भिंतीवरून हात फिरवत शेवटपर्यंत चालत गेली. पुढच्या कामाला तिनं ठेकेदाराला सांगून टाकलं, की उघड्या विटेचं काम रुखमाबाईच करतील.

तेव्हापासून तिचं नाव मिस्त्री म्हणून चालू झालं. वर्षं गेली. पोरगी पिंकी शिकून पुण्याला नोकरीला लागली. रुपराव आपला प्लास्टर करायचा, रुखमा विटेचं काम. साइट एक असली तरी कामं वेगळी होती, म्हणून घरात शांतता होती. ती मोडली सक्करदऱ्याच्या कामावर.

सक्करदऱ्याला तलावापासून जवळ मधुकररावांचा प्लॉट होता. मधुकरराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. घराणं भोसल्यांच्या काळापासून दप्तराच्या कामातलं. त्यांच्या गल्लीत कुही, उमरेड, भिवापूरकडून आलेल्या कितीतरी मुली खोल्या करून राहत आणि परीक्षांचा अभ्यास करत. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली त्या पोरी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत बसत. ते पाहून मधुकररावांनी ठरवलं की मोकळ्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम न करता मुलींसाठी अभ्यासिका बांधायची. त्यांची एकच अट होती. आतमध्ये बसवलं पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा.

नीलानं नकाशा केला तो सगळा विटेचा. खालच्या दालनात जाड भिंती आणि रुंद कमानी, आणि त्या कमानींवरच वरच्या मजल्याचा भार. पश्चिमेला लांब व्हरांडा आणि त्याच्या बाहेर जमिनीपासून छतापर्यंत विटांची जाळी. दुपारचं ऊन जाळीनं गाळून घ्यायचं आणि वारा आत सोडायचा. बाहेरून कुठे प्लास्टर नाही, रंग नाही.

"कमानी वजन उचलतील, जाळी ऊन अडवेल," नीला म्हणाली. "आणि दिसेलही देखणी. मुख्य मिस्त्री रुखमाबाई."

ठेकेदार धर्मेंद्र मनातून नाखूश होता, पण तो कामाशी काम ठेवणारा माणूस. त्यानं मान डोलावली आणि सहज म्हणाला, "रुपरावले घ्या मग जोडीले. प्लास्टर तं नाईच इथे. विटेवर लावू त्याले, वहिनीच्या हाताखाली."

घरी ताट पुढे आलं तरी रुपरावनं हात धुतला नाही.

"लोकं काय म्हणतीन, रुखमे? ठवकर मिस्त्री बायकोले इचारून वीट लावते?"

"इचारून नका लावू. मी सांगते थे ऐकून लावा."

"करणी कोणं देल्ली तुह्या हातात?"

"तुमीच देल्ली. मंग आता काहून दुखून राहिलं?"

त्यावर तो उठला. दुसऱ्या दिवशी कन्हानला एका मंगल कार्यालयाचं प्लास्टर घेऊन तिकडेच राहायला गेला. फोन करायचा, पण पिंकीची चौकशी करून ठेवून द्यायचा. रुखमानं एकटीनं स्वयंपाक केला, एकटीनं खाल्ला, आणि सकाळी सक्करदऱ्याला जाऊन पायाची पहिली दोरी ताणली. मन जड होतं तरी दोरी सरळ होती.

काम मात्र मनासारखं चढत गेलं. विटा कन्हानकडच्या भट्टीतून आल्या. रुखमा प्रत्येक गाडीतल्या विटा एकमेकींवर आपटून पाहायची. खणखणीत वाजली ती दर्शनी बाजूला, बद्द वाजली ती परत. विटा हौदात भिजवल्याशिवाय ती एकीलाही हात लावू द्यायची नाही, कारण कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि मग तो धरत नाही. कमानी बांधताना तिनं लाकडी साचे स्वतः तपासले. दोन्ही बाजूंनी विटा सारख्या चढवत आणल्या आणि माथ्यावरची शेवटची वीट हलक्या हातानं ठोकून बसवली. पुढे साचे निघाले तेव्हा सगळी साइट बघायला आली. कमानी जागच्या हलल्या नाहीत. मधुकररावांनी सगळ्यांना सावजी जेवण दिलं. धर्मेंद्रसुद्धा म्हणाला, "वहिनी, मानलं बावा तुमाले."

रुखमाच्या अंगात त्या दिवसांत वारं भरलं होतं. कमानी झाल्या, आता जाळी. जाळी तर तिच्या हातचा मळ. कन्हानला बसलेल्या माणसाच्या कानावर जाईल अशी जाळी करायची, असं तिच्या मनानं घेतलं. धर्मेंद्रलाही घाई होती. दिवसाला जेवढे थर चढवायचे त्याहून जास्त चढू लागले. अर्ध्या विटेच्या जाडीची, आरपार भोकांची ती सरळ भिंत चटचट वर गेली. संध्याकाळच्या उन्हात तिची सावली व्हरांड्यात पडायची तेव्हा रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या थांबवून पाहायचे.

एप्रिलमध्ये एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. अवकाळीचं आभाळ. झाडाचं पान हलेना. रुखमा परांचीवर होती. तिनं वर पाहिलं आणि ओरडली, "उतरा सारे! घमेले राहू द्या तिथेच. उतरा!" कुणी तरी म्हणालं, हा थर होऊ द्या. तिनं त्याच्या हातातली करणी ओढून खाली फेकली. सगळे उतरून कमानीखाली जातात न जातात तोच वावटळ आली, आणि तिच्यामागे गारा. तलावाकडून पत्रे उडत आले. आणि मग एक असा आवाज झाला, जणू विटांनी भरलेला ट्रॅक्टर कुणी उलटा केला.

वारा ओसरला तेव्हा जाळी नव्हती. थोडा पायाजवळचा भाग उभा होता, बाकी सगळी व्हरांड्यात आणि अंगणात पसरली होती. गारांमध्ये लाल विटा. कमानींना ओरखडाही नव्हता आणि कुणाला खरचटलंही नव्हतं. पण त्या क्षणी रुखमाला ते दिसलंच नाही. ती ढिगाऱ्याजवळ गेली, एक वीट उचलली. माल अजून ओला होता, बोटानं निघून आला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. धर्मेंद्र म्हणाला, "मी बोलत नव्हतो, पण बाईमाणसाच्या हातचं..."

"बाईमाणसाचं काही नाई," रुखमानं त्याला तोडलं. "भिंत लवकर चढवली थे माही चूक. तुमी घाई केली, पण करणी माह्या हातात होती. मले ‘नाई’ म्हणता आलं असतं. मी ‘नाई’ म्हटलं नाई."

नीला ढिगाऱ्याभोवती फिरत होती. तिच्या बुटांना चिखल लागला होता. ती म्हणाली, "माल पक्का झाला असता तरी एखाद्या मोठ्या वादळात ही पडली असती. इतकी उंच, इतकी पातळ आणि सरळ भिंत मी विनाआधार काढली. ती माझी चूक."

मधुकरराव ऐकत होते. चांगला माणूस, पण घाबरला होता. "कोणाचीही असो," ते म्हणाले. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे उद्या मुली बसणार आहेत. जाळी नको. साधी भिंत घाला, खिडक्या काढा, मोकळे व्हा."

धर्मेंद्र म्हणाला, "नाही तर सिमेंटच्या तयार जाळ्या बसवू."

"काकाजी," रुखमा म्हणाली, "भिंत घातली तं व्हरांडा भट्टी होईन. तुमाले पोरी टिनाखालून काढून भट्टीत बसवाच्या आहे का? दोन दिवस द्या मले. मॅडमच्या मनाले नाई पटलं तं मी सोता साधी भिंत घालून देईन."

मधुकररावांनी चष्मा काढून पुसला. "दोन दिवस. ठीक आहे."

रुखमानं ते दोन दिवस पडलेल्या विटांमधल्या धडक्या विटा वेचण्यात घालवले. हात चालू असला की तिचं डोकं चालतं. वेचलेल्या विटा ती अंगणात सुकी रास करून लावत होती. सरळ रांग लावली तर थोड्या धक्क्यानं कलंडत होती. तिला भट्टीवरचे दिवस आठवले. कच्च्या विटा वाळत घालताना तिची माय कधी सरळ रांग लावायची नाही. एक तिरकी इकडे, एक तिरकी तिकडे. वारा मधून जायचा आणि माळावरच्या वाऱ्यातसुद्धा रांग पडायची नाही. रुखमानं तशी लावून पाहिली. मग मोठी लावली. पुढे गेलेली, मागे आलेली, पुन्हा पुढे गेलेली. पायानं ढकलली. हलली, पण पडली नाही.

नीला आली तेव्हा रुखमानं तिला ती रांग दाखवली.

"सरळ नको, मॅडम. लुगड्याच्या निऱ्यांवानी घालू. एक निरी दुसरीले धरते."

नीला उकिडवी बसली. तिनं वरून, बाजूनं, दोन्हीकडून पाहिलं. मग उठून व्हरांड्याची लांबी मोजली. "या निऱ्या कमी खोल आहेत. एवढ्या उंचीला पुरणार नाहीत," ती म्हणाली. "आणखी बाहेर काढाव्या लागतील. आणि नुसत्या विटेवर नाही सोडायचं. थोड्या थोड्या थरांनी दरजेत सळी टाकू आणि वर छताला बांधून घेऊ. मला गणित करू द्या."

"करा. पण निऱ्या राहू द्या."

"निऱ्या राहतील."

दोघी त्या अंगणात बसून विटा सरकवत राहिल्या. नीला एक निरी खोल करायची, रुखमा म्हणायची एवढी नको, तिथं अद्धे लावावे लागतील, तोडलेल्या विटेची कड वाईट दिसते. मग दोघी मिळून असं माप काढायच्या की अख्खी वीट बसेल. नीलानं घरी जाऊन हिशेब केला, एका ओळखीच्या इंजिनिअरकडून तपासून घेतला आणि नवा नकाशा आणला. मधुकररावांनी तो नीट पाहिला, दोन-चार खोचक प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाले, "बांधा."

आता अडचण माणसांची होती. भिंत पडल्यावर दोन मिस्त्री काम सोडून गेले होते. पडलेल्या भिंतीवर पुन्हा करणी धरायला नवे कुणी तयार होईनात. रुखमा विचारत फिरत होती. अशात एका सकाळी साइटच्या फाटकाशी मोटरसायकल थांबली. रुपराव उतरला. खांद्याला त्याची हत्यारांची थैली होती.

"कन्हानले साइटवर हसून राहिले होते," तो म्हणाला. "ठवकर, तुह्या बायकोची भिंत पडली म्हणे."

"मंग? तुमी हसले का?"

"मी एकाची कॉलर धरली." तो जमिनीकडे पाहत होता. "कोणाले लागलं तं नाई ना?"

"नाई लागलं. मी उतरवलं होतं साऱ्याइले."

"हाव. थे ऐकलं."

मग रुखमा म्हणाली, "काम कराले आले असान तं माह्या हाताखाली करा लागते. इथे मी सांगीन."

"घरी तरी कोण सांगते?" रुपराव म्हणाला आणि थैली उतरवली.

जाळीचं नवं काम सुरू झालं. यावेळी ठरलेल्या थरांच्या वर एक वीट नाही. दुपारच्या उन्हात गोणपाटं ओली करून भिंतीवर टाकायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. रुपरावला निऱ्यांचं वळण लवकर साधलं, कारण हात मुळात पक्का होता. पण सवय प्लास्टरची. दरज थोडी जाड झाली तर तो पुढच्या थरात सांभाळून घ्यायचा, आत झाकलं जाणार असल्यासारखा.

एका सकाळी रुखमानं त्याच्या निरीवर दोरी धरली. एक डोळा मिटून पाहिलं. परांचीवर रेजा होत्या, खाली माल कालवणारे होते, धर्मेंद्र कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

"अजी," ती म्हणाली, "हे वरचे दोन थर काढा."

रुपरावनं मान वर केली. "काहून? बरोबर तं आहे."

"दरज फुगली आहे. पुढची निरी वर जाईन."

"कोणाले दिसून नाई राहिलं."

"मले दिसून राहिलं."

कालवणाऱ्याचं फावडं थांबलं. रुखमानं दोरी सोडली नाही. रुपरावनं त्या दोरीकडे पाहिलं. मग करणी खाली ठेवून परांचीवरून उतरला आणि फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. कुणी कुणाकडे पाहिना. रुखमा आपल्या निरीवर गेली आणि वीट लावू लागली. एक वीट तिला दोनदा बसवावी लागली.

टपरीवरून तो परत आला. दोन्ही थरांच्या विटा एकेक करून सोडवल्या, खरडून साफ केल्या, हौदात टाकल्या. भिजल्यावर नव्या मालात पुन्हा लावल्या. लावून झाल्यावर त्यानं स्वतः दोरी धरली आणि मान वळवून हाक मारली, "मिस्त्री! पाहून घ्या."

रुखमानं पाहिलं. "बेस."

संध्याकाळी मोटरसायकलवर ती मागे बसली होती. दिघोरीच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर रुपराव म्हणाला, "साऱ्याइसमोर बोलाचं होतं का?"

"साऱ्याइसमोरच लावले होते ना थे थर."

तो हसला नाही. सिग्नल सुटला, गाडी चालू झाली, आणि वाऱ्यात अर्धवट ऐकू येणाऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "दरज किती ठेवाची म्हणते तू? बोटभर का त्याहून कमी?"

घर येईपर्यंत मग दोघं दरजेबद्दलच बोलत होती.

मे महिन्यात जाळी छताला जाऊन भिडली. वर सळी बांधून झाली आणि शेवटच्या थराचा माल पक्का झाला. महिना संपता संपता एका दुपारी पुन्हा वादळ आलं. नीला गाडी घेऊन भिजत पोचली तेव्हा रुखमा आणि रुपराव आतल्या बाजूला कमानीखाली उभे होते. मधुकरराव मोडलेली छत्री घेऊन आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. वारा जाळीच्या भोकांतून शीळ घालत आत येत होता आणि निऱ्यांवर आपटून फुटत होता. धूळ आली, पाण्याचा फवारा आला. भिंत हलली नाही. थोड्या वेळानं मधुकररावांनी पुढे होऊन जाळीला तळवा लावला, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा, आणि मागे वळून म्हणाले, "घट्ट आहे हो."

"मंग काय तं," रुखमा म्हणाली. "आता छत्री नवी घ्या, काकाजी."

जुलैत अभ्यासिका सुरू झाली. नकाशा काढताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती अशी एक गोष्ट मुलींनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढली. जाळीची प्रत्येक निरी आतून एका माणसाला टेकून बसता येईल एवढी खोल होती. हॉलमध्ये टेबल-खुर्च्या असताना पोरी व्हरांड्यात सतरंजी टाकून एकेका निरीत पाठ टेकून बसू लागल्या. मधुकररावांनी आधी हटकलं, मग स्वतःच प्रत्येक निरीत बसायला दगडी लादी टाकून घेतली. गल्लीतले लोक त्या इमारतीला अभ्यासिका म्हणतच नाहीत. ‘निऱ्यांच्या भिंतीजवळ’ असा पत्ता सांगतात.

रुखमाची आता स्वतःची टोळी आहे. दोन रेजांना तिनं करणी दिली आहे. त्यातली एक चांगली होईल, दुसरीला घाई फार, असं ती तोंडावर सांगते. नीला मॅडमचं पुढचं काम बेसा रोडला चालू आहे, आणि कधी कधी त्यांच्यात निकरानं वाद होतात. कधी मॅडमचं खरं ठरतं, कधी हिचं. रुपराव टोळीत आहे. आतल्या खोल्यांना प्लास्टर असलं की ते त्याचं. तिथं रुखमा बोलत नाही. नुसती दारात उभी राहून भिंतीवर उजेड कसा पडतो ते पाहते आणि मान हलवते.

गेल्या महिन्यात कन्हानचा एक माणूस गाडी घेऊन साइटवर आला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. त्याला तलावाजवळची भिंत आवडली होती आणि तशाच कामाचं घर बांधायचं होतं. तो फाटकातून आत आला, करणी घेऊन उभ्या असलेल्या रुपरावजवळ गेला आणि म्हणाला, "ठवकर मिस्त्री तुम्हीच ना? माझं एक काम होतं."

रुपरावनं करणीवरचा माल भिंतीला लावला, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि परांचीकडे बोट केलं.

"ठवकर मिस्त्री थे वरती आहे. मी त्याइच्या टोळीत."

माणूस गोंधळून वर पाहू लागला. रुखमानं वरूनच विचारलं, "प्लॉट केवढा आहे, भाऊ? आणि पश्चिम कोणीकडे येते?"